पहिला ओरखडा

सुधारणा समितीची बैठक म्हटली की भूगोलाच्या बाईंचे आधी पाय दुखायला लागत आणि मग डोकं. शाळा सुटलेली, मुलं घरी पोहोचलेली, आणि आपण मात्र त्याच कडक लाकडी खुर्चीवर बसून 'उद्याची शाळा' या विषयावर माना डोलवायच्या. तुमच्यापैकी जे कुठल्या ना कुठल्या समितीवर असतील त्यांना हे नव्याने सांगायला नको. चहा येतो, तो गार होतो, कोणीतरी "मुद्दा विचार करण्यासारखा आहे" म्हणतं, आणि घोंगडं पुढच्या बैठकीपर्यंत तसंच भिजत पडतं.

आज मात्र गणिताचे सर फॉर्मात होते. वयाने लहान, अंगात उत्साह, आणि हातात सुधारणेचा आराखडा. "प्रत्येक वर्गात टच स्क्रीन! अभ्यासक्रमात पाठांतर कमी, प्रयोग जास्त. मुलं नुसती बघून नाही, हात लावून शिकतील!" असं म्हणताना त्यांनी स्वतःचा हातही हवेत फिरवला.

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या मनात एकच विचार चालला होता, की आता या स्क्रीनच्याही किल्ल्या आपल्याच पर्समध्ये येणार.

संगणक खोलीची जबाबदारी भूगोलाच्या बाईंकडे कशी आली, तर ज्या दिवशी जबाबदाऱ्या वाटल्या गेल्या त्या दिवशी त्या तापाने घरी होत्या. जो हजर नाही त्याच्या गळ्यात घंटा बांधणं सगळ्यात सोपं. तेव्हापासून किल्ली त्यांच्या पर्समध्ये. खोलीत ओळीने संगणक, प्रत्येकावर शिवून घेतलेलं निळं कव्हर. कोणी पाहुणे आले की कव्हरं निघत, दोन गुणी मुलं समोर बसवली जात आणि त्यांच्या कानात सांगितलं जाई, "नुसता माउस धरून बसा, काही दाबू नका." पाहुणे गेले की कव्हरं परत चढत. वर्षाच्या शेवटी तपासणी होई, एकही वस्तू मोडलेली नसे, आणि मुख्याध्यापक म्हणजे हेडसर सगळ्यांसमोर म्हणत, "वस्तू जपाव्यात तर बाईंनी!"

मागच्याच महिन्यात दुरुस्तीवाला आला होता. त्याने एक संगणक सुरू केला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाई, हे तर अगदी कोरे आहेत हो. पण आता यांच्यावर काही चालायचं नाही. फार जुने झाले." कोणाचं बोट न लागता ते संगणक म्हातारे झाले होते! बाईंनी कव्हर परत घातलं, खोलीला कुलूप लावलं आणि त्याबद्दल कोणाशी बोलल्या नाहीत. बोलायचं तरी काय?

"आता दुसरा विषय," हेडसर म्हणाले. "नवीन वस्तू येण्याआधी शिस्त हवी. नियम असा करू, की ज्याच्या हातून वस्तू मोडेल त्या विद्यार्थ्याला वर्षभर संगणकाचा तास बंद, आणि त्या वर्गाच्या शिक्षकाने लेखी खुलासा द्यायचा. सुरुवात त्या प्रोजेक्टरवाल्या मुलीपासून. खटपटीपासून."

खटपटी हे तिचं शिक्षकांच्या खोलीतलं नाव. आठवीतली, किडकिडीत, बंद पडलेलं पेनसुद्धा उघडून बघितल्याशिवाय न टाकणारी. गेल्या आठवड्यात बाईंच्याच तासाला तिने शाळेचा एकुलता एक प्रोजेक्टर पाडला आणि त्याची काच फुटली. एवढंच सगळ्यांना माहीत होतं, कारण बाईंनी तेवढंच सांगितलं होतं.

"हो, नियम हवाच," गणिताचे सर म्हणाले. त्यांना स्क्रीन हव्या होत्या, बाकी कशालाही त्यांचा होकार होता. "मग सर्वानुमते?"

"थांबा हो जरा," पालक प्रतिनिधी म्हणाल्या.

या बाई गावात ड्रायव्हिंग स्कूल चालवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्या "क्लच! क्लच!" असं काही ओरडत, की रस्त्यावरची माणसंही दचकून पाय दाबत. म्हणून सगळं गाव त्यांना क्लचमावशी म्हणे. समितीत त्या सहसा बिस्किटं संपवत आणि गप्प बसत. आज मात्र त्यांनी बशी बाजूला सारली.

"सर, तुम्ही माझी शिकवायची गाडी बघितली आहे?"

"बघितली आहे की. भंगारात घालायच्या लायकीची."

"पुढे पोचा, मागे पोचा, दोन्ही बाजूंना ओरखडे. बरोबर? आता मला सांगा, ती गाडी कोरी करकरीत असती, तर तुम्ही तुमच्या मुलीला माझ्याकडे शिकायला पाठवलं असतं? मी तर म्हणेन, जिथली गाडी कोरी तिथे कोणी शिकतच नाही! टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही म्हणतात, इथे तर गाडीला ठोकल्याशिवाय माणसाला ड्रायव्हरपण येत नाही."

गणिताचे सर हसले. हेडसर हसले नाहीत.

"मावशी, गाडी तुमची आहे. उद्या मोडली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. या वस्तू लोकांच्या आहेत."

"लोकांनी त्या कशाला दिल्यात? कव्हर घालायला?"

"तुम्हाला बोलायला काय जातं!" हेडसरांचा आवाज चढला आणि मग लगेच खाली आला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेला, रोज कुठल्या तरी वरच्या साहेबाला उत्तरं देऊन थकलेला माणूस होता तो. "मागच्या शाळेत एका मुलाच्या हातून मायक्रोस्कोप फुटला. त्याचे खुलासे मी किती वर्षं देत होतो, माहीत आहे? मोडलेल्या वस्तूबद्दल सगळे विचारतात हो. न वापरलेल्या वस्तूबद्दल आजपर्यंत मला एकानेही विचारलेलं नाही."

बाईंना ते वाक्य आतवर लागलं. माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्यालाही इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. उलट शाबासकी मिळाली होती.

"बरं, तेही राहू दे," क्लचमावशी बाईंकडे वळल्या. "बाई, तुम्ही तर माझ्याकडेच शिकलात. पहिल्याच परीक्षेत पास. हात चांगला होता तुमचा. आता चालवता ना?"

बाईंचा हात पर्सवर गेला. पर्समध्ये संगणक खोलीची किल्ली होती, आणि तिच्याच शेजारी लायसन्स. घरी कव्हर घातलेली गाडीही होती. रविवारी यजमान कव्हर काढून ती पुसत, आणि परत कव्हर घालत. बाईंनी सुरुवातीला दोनदा-तीनदा किल्ली मागितली होती. "अगं, नको, ओरखडा पडेल," असं ते म्हणाले, प्रेमानेच म्हणाले. मग बाईंनी मागणं सोडलं. रोज सकाळी बसला लोंबकळायचं आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन जिना चढायचा, याची त्यांना सवय झाली होती.

"नाही चालवत," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"ओरखडा पडेल म्हणून."

गणिताचे सर परत हसणार होते, पण बाईंचा चेहरा बघून थांबले. क्लचमावशींच्या तोंडून नुसतं "अरेरे!" निघालं.

बाईंना त्या क्षणी स्वतःची इतकी कीव आली की डोळे भरून आले. आणि पाठोपाठ कीव आली ती त्या किडकिडीत मुलीची. आपल्याला निदान गाडी शिकता तरी आली! तिला तर शिकायच्या आधीच कव्हर घालायला निघालो आहोत आपण.

"सर, प्रोजेक्टरचं मी पूर्ण सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ऐकून घ्या, मग काय तो नियम करा."

त्या दिवशी बाईंनी वर्गात नकाशा लावला आणि तो उलटा उमटला. समुद्र वर, डोंगर खाली, नद्या सगळ्या चढणीला लागलेल्या. मुलं हसून लोळली. बाईंनी दोन-चार बटणं दाबली, जमेना. शेवटी "कोणी हात लावायचा नाही" असा दम देऊन त्या गणिताच्या सरांना शोधायला गेल्या. ते भेटले नाहीत. परत आल्या तर खटपटी बाकावर उभी राहून प्रोजेक्टरशी काहीतरी करत होती.

"आणि मी दारात होते तेव्हाच नकाशा सरळ झाला," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत. समुद्र खाली आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने ते जमवलं होतं, सर! मला जे जमलं नाही ते तिने करून दाखवलं."

"मग पडला कसा?"

"माझ्यामुळे. मी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही की नकाशाकडे. मी दारातूनच ओरडले, 'कोणी हात लावला?' ती दचकली. पाय वायरीत अडकला आणि प्रोजेक्टर खाली आला. तिच्या हाताने नाही मोडला तो, माझ्या आवाजाने मोडला. खुलासा हवा असेल तर माझा घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

हेडसर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"पण तिला कसं कळलं काय दाबायचं?" गणिताच्या सरांनी विचारलं. त्यांना खरंच उत्सुकता होती.

"मी नंतर विचारलं तिला. म्हणाली, एक एक दाबून बघितलं. चुकलं की मागे आले."

"यालाच तर आपण या आराखड्यात 'प्रयोगातून शिक्षण' म्हटलंय!" सर जवळजवळ ओरडलेच. मग ओशाळून आपल्याच कागदांकडे बघू लागले.

क्लचमावशी आता हळू बोलल्या. "सर, मी शिकाऊ माणसाला गाडीत बसवते तेव्हा माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. जिवाला धोका असला तर मी तो दाबते. ओरखडा पडणार असला तर नाही दाबत. पोरांच्या शेजारी बसा, लक्ष ठेवा, पण त्यांच्या हातात चाक द्या. आणि वर्षाकाठी थोडी मोडतोड होणारच, हे आधीच धरून चला. मी धरते. पोचे काढायचा खर्च हा माझ्या धंद्यातलं नुकसान नाही, तो माझा धंदाच आहे."

"वर काय सांगू?" हेडसरांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता.

"सांगा, की संगणक एकही मोडला नाही आणि एकही मूल शिकलं नाही," बाई म्हणाल्या. "माझं नाव घालून सांगा. झाकली मूठ फार दिवस झाकून ठेवली आपण."

त्या दिवशी काही क्रांती झाली नाही. हेडसरांनी कुरकुरत नियम खोडला आणि त्या जागी दुरुस्तीसाठी दरवर्षी वेगळी तरतूद ठेवायचं लिहिलं. खटपटीचा तास बंद झाला नाही. संगणक खोलीला शाळेच्या वेळात कुलूप नको, असंही ठरलं. "पण पहिली वस्तू मोडली की मी तुमच्याचकडे येईन, बाई," हेडसर उठता उठता म्हणाले.

"या," बाई म्हणाल्या. "मी आणि मुलं मिळून बघू काय मोडलंय ते."

घरी यजमान बाल्कनीत पेपर वाचत होते. बाईंनी पर्स ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत.

"गाडीची किल्ली द्या."

"आत्ता? अगं, कशाला? ओरखडा..."

"पडेल. पडणारच आहे. माझे पाय दुखतात हो. गाडी खाली झोपली आहे आणि मी रोज बसमध्ये उभी असते. तुम्हाला कोण जास्त जपायचंय, ते सांगा."

यजमान काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी किल्ली दिली आणि घाबरत घाबरत शेजारी येऊन बसले. फाटकातून बाहेर पडतानाच डाव्या बाजूला कर्र असा आवाज झाला. दोघं उतरली. लांबलचक पांढरी रेघ उमटली होती. यजमानांनी ती अंगठ्याने घासून बघितली.

"जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"नाही जाणार," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "चल, बस. मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन येऊ."

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात, कचेरीत, शाळेत असं एखादं कव्हर असतंच. आपण वस्तू जपतो आणि ज्यांच्यासाठी ती आणली त्यांना तिच्यापासून लांब ठेवतो. मोडलं की आपण जाब विचारतो. ज्याला कधी हातच लागला नाही त्याचा जाब मात्र कोणी विचारत नाही. तो आपण एकमेकांना विचारायला शिकलं पाहिजे. नाहीतर उद्याची शाळा येईल, तिच्यावरही निळं कव्हर चढेल, आणि पोरं नुसता माउस धरून बसतील.

दुसऱ्या दिवशी बाई गाडीने शाळेत आल्या. दमलेल्याच होत्या, एका दिवसात काही थकवा जात नाही. संगणक खोलीत मुलांनी कव्हरं काढून ठेवली होती, त्यातल्या एका कव्हराने खटपटी फळा पुसत होती. जुने संगणक उघडून आत काय असतं ते बघायचं, असा पहिला तास ठरला होता. तिने खिडकीतून खाली उभी असलेली गाडी बघितली आणि त्या रेघेवर तिची नजर खिळली.

"बाई, केवढा ओरखडा! कोणी केला?"

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"मी केला," त्या म्हणाल्या.