सदऱ्याचं शेपूट

"ऐकायचं तर ऐका, पण यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही," म्हातारा सुतार म्हणाला आणि ऐसपैस बसला.

समोर पुतण्या मान खाली घालून बसला होता. दारू सोडायची शपथ त्याने दोनदा घेतली, दोनदा मोडली. "काका, माझा हात बाबांच्या वळणावर गेलाय. मनात यायच्या आत पेला तोंडाला. माझ्याच्याने नाही व्हायचं." बाजूला त्याची आई भाजी चिरत होती.

म्हाताऱ्याला ते झोंबलं. थोरल्या भावाचा तो उतावळा हात त्याला दिसला. भुश्शाचा वास, खिडकीतलं तिरपं ऊन, आणि माप घ्यायच्या आत करवत चालवणारा भाऊ! कारखान्यात त्याला काडेपेटीच म्हणत. रागावला की प्यायचा, खूश झाला तरी प्यायचा. उचलला पेला, लावला ओठाला. पण त्याच्यासारखं हसणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

"तर आमचा कायदा असा. सरस लावून खुर्ची क्लॅम्पच्या लोखंडी पकडीत आवळली, की सरस वाळेपर्यंत आभाळ कोसळलं तरी क्लॅम्प सोडायचा नाही. एकदा काडेपेटीने घाईघाईत खुर्चीबरोबर आपल्याच सदऱ्याचं मागे लोंबणारं शेपूटही आवळलं. तेवढ्यात आली तलफ! निघाला खुर्चीसकट. गुत्त्याचं दार अरुंद. हा आत, खुर्ची बाहेर. आतले आत अडकले, बाहेरचे बाहेर. मालक हात जोडतो, 'बाबा रे, सदरा काढ!' हा कसला काढतो! वहिनीने शिवलेला, कोरा करकरीत. राहिला तसाच उभा. सरस वाळला, तशी तहानही वाळली. त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही!"

पुतण्या कितीतरी दिवसांनी खदखदून हसला. मग हसू हळूहळू विझलं.

"एका दिवसात सुटली त्यांची? मग मलाच का जमत नाही?"

म्हाताऱ्याने पुढची थाप मारायला तोंड उघडलं, तोच वहिनीने सुरी आपटली.

"पुरे, भावजी! एका दिवसात कुठली? सुट्टीची वेळ झाली की हे रोज आपणहून पाठ करून उभे राहायचे, आणि तुम्ही त्यांचं शेपूट क्लॅम्पमध्ये आवळायचात. तलफ उतरेपर्यंत दोघं भांडत बसायचात. कितीदा तर सदरा फाडून पळालेही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करून उभे! फाटके सदरे मी शिवलेत, मला विचारा!"