दुसरं टोक

इमारतीच्या नातुराने, म्हणजे रखवालदाराने, गॅलरीतल्या दोरीवर कात्री चालवली आणि दोन्ही ओल्या चादरी गॅलरीच्या फरशीवर कोसळल्या.

"अम्मा, मेरा क्या कसूर? ऑर्डर है," तो पुटपुटला आणि निघून गेला.

बदरुन्निसाने चादरी उचलल्या. आतल्या खोलीत तिचे नवरे हमदुल्ला वर्षभर अंथरुणाला खिळून होते. त्यांची पाठ सोलवटली होती. मशीनमध्ये वाळवलेली चादर त्यांना बोचे. उन्हात वाळलेल्या चादरीवर मात्र त्यांचा डोळा लागे.

"तुझीच कंपनी ना रे ही, ओवेस?" ती मुलाला म्हणाली. "एक दोरी मागायला तुला तोंड नाही?"

ओवेसने तुटलेली दोरी बोटाभोवती इतकी घट्ट गुंडाळली की बोटाचं टोक पांढरं पडलं. आखातातल्या करामा वस्तीतली ही इमारत त्याचीच कंपनी सांभाळत होती. बाहेर कपडे दिसले की इमारतीची शोभा जाते, असं कंपनीचं म्हणणं. आणि त्याच कंपनीने गेल्या महिन्यात त्याला डेन्मार्कच्या एका चिमुकल्या बेटावर धाडलं होतं. माणसं निसर्गाला धरून कशी राहतात ते टिपायला, खलिफा सिटीतल्या नव्या व्हिलांच्या जाहिरातीसाठी.

सायकलवरून दिवसभरात पाहून होईल एवढंच ते बेट. एका अंगाला जांभळ्या झुडपांचा माळ, दुसऱ्या अंगाला गर्द रान, मध्ये पाणपक्ष्यांनी भरलेली दलदल. गावाने वर्गणी काढून उभारलेली पवनचक्की. आणि घराघरामागे दोरी, तिच्यावर वाऱ्याने फुगलेल्या चादरी. घडी घालताना एका म्हातारीने न बोलता चादरीचं दुसरं टोक त्याच्या हाती दिलं होतं. त्या कापडाला अब्बांच्या उन्हात वाळलेल्या चादरीचा वास होता.

ऑफिसात परेश सरांनी पडद्यावर एक फोटो मोठा केला.

"यल्ला, चला, होर्डिंगवर हाच! निळं आकाश, पांढरी चादर. ऊन फुकट, वारा फुकट. याला म्हणतात जगणं. आपल्या लोकांना कधी कळणार?"

ओवेस पाहत राहिला. चादरीच्या कडेला अम्मीने घातलेला लाल टाका होता. घरी परतल्यावर त्याने आपल्या गॅलरीचा एक फोटो काढला होता. बेटाच्या फोटोंबरोबर चुकून तोही ऑफिसात गेला होता.

"सर, त्या व्हिलांत दोरी बांधता येईल?"

परेश हसले. "हबीबी, दोरी फोटोत. घरात ड्रायर."

ओवेसने खिशातली दोरी काढून टेबलावर ठेवली.

"हे बेट नाही, सर. आमची गॅलरी आहे, करामातली. ही दोरी आज सकाळी आपल्याच माणसाने कापली." त्याने पडद्यावरच्या लाल टाक्याकडे बोट दाखवलं. "माझे वडील त्या चादरीवर झोपतात."

परेशनी दोरीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"कुणाला कळणार आहे?" ते हलकेच म्हणाले. "तो लाल टाका तेवढा पुसून टाक."

ओवेसने दोरी उचलली. फोटोला त्याने हात लावला नाही.

ऊन उतरायच्या आत तो घरी आला आणि गॅलरीच्या कठड्याला त्याने दोरीच्या दोन पक्क्या गाठी मारल्या. अम्मी ओली चादर घेऊन दारात थबकली. खाली नातूर मान वर करून पाहत होता.

"परवानगी मिळाली?" तिने विचारलं.

"अम्मी," तो हात पुढे करत म्हणाला, "दुसरं टोक दे इकडे."