परत येणारं पाणी

हे लिहिणार नव्हतो. फोनवर दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. यात मी काही फार चांगला दिसत नाही. पण पुसल्यावर रात्री तेच परत डोक्यात, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. निझवापासून अर्ध्या तासावर आहे एवढं पुरे.

मोटर बंद होती. मे महिना, सकाळचे पावणेबारा. पॉलीहाऊसचं दार उघडलं आणि डोळ्यांच्या आधी कानांना कळलं. पंखे घोंघावत होते, पण त्याच्याखाली जो पाण्याचा बारीक आवाज असायचा तो नव्हता. मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण पाहिलं. खाली. वीज गेलेली नव्हती, काही जळलं नव्हतं. कुणीतरी बोटानं दाबून बंद केलं होतं.

ही तिसरी वेळ.

आमच्या शेतीत माती नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या लांब पन्हळी, त्यांना भोकं, भोकांत लेट्यूस. टाकीतलं खताचं पाणी मोटर वर चढवते, ते मुळं भिजवत पन्हळीतून उतरतं आणि परत टाकीत येतं. रात्रंदिवस. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो, मला कुणी शिकवलं नाही. त्यात एक गोष्ट मात्र सगळे सांगतात. मोटर थांबली की मुळं सुकतात, आणि आमच्याकडच्या उन्हात त्याला अर्धा तास पुरतो.

मी बटण वर केलं. कडेच्या दोन रांगांनी माना टाकल्याच होत्या.

दाराला कुलूप होतं आणि चाव्या तीन. एक माझ्याकडे, एक हिलालकडे, एक आमच्या घरी खुंटीला, अडीअडचणीला. घरी कोण, तर आई आणि बाबा. आईचे गुडघे दुखतात. बाबा आयुष्यभर खजुराखाली वाढलेले, प्लास्टिकच्या या घराला ते ‘तुझा तंबू’ म्हणायचे आणि गेल्या ईदपासून त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. म्हणजे उरला हिलाल.

हिलाल माझा वर्गमित्र आणि अर्धा भागीदार. वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पवरची नोकरी सोडून आला होता. पन्हळी त्याने बसवल्या, वायरिंग त्याने केलं. डोंगरावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या आचाऱ्याला त्यानेच बोलून बोलून तयार केलं होतं. चारशे गड्डे, महिनाअखेरीला. ते पोचले तर दर आठवड्याला घेणार, नाही पोचले तर फोन करू नका. आचारी असंच म्हणाला होता. दुसरं गिऱ्हाईक आमच्याकडे नव्हतं.

मग तो स्वतःचंच का बुडवेल? हे मी मलाही विचारलं. पण एकदा माणसाबद्दल मन फिरलं ना, की उत्तरं आपोआप सापडतात. आठ दिवसांपूर्वी मी त्याला पेट्रोलपंपावरच्या चहाच्या टपरीबाहेर पाहिलं होतं. बर्क्याला समुद्राकडे एक मोठं पॉलीहाऊस आहे, तिथला मॅनेजर त्याच्या गाडीत बसला होता. मला बघून हिलालने फोन मांडीवर पालथा घातला.

नंतर एकदा मी भर दुपारी अचानक गेलो, तर हा दारातून बाहेर येत होता. बाह्या ओल्या.

“तू इथे काय करतोस? तुझी संध्याकाळ आहे ना?”

“उगाच. झोप येईना.”

“झोप येईना म्हणून लेट्यूस बघायला आलास? बायको कर लेका.”

“तू शोध, मी करतो,” तो हसला, पण नीट नाही. मग गाडीचं दार उघडता उघडता म्हणाला, “आज फलजला बारी कुणाची रे?”

मी म्हटलं, मला काय माहीत. फलज म्हणजे डोंगरातून गावात येणारा आमचा जुना पाट. दर आठ दिवसांनी प्रत्येक घराची त्यावर बारी येते. आमची एका तासाची, त्यात आम्ही टाकी भरून घ्यायचो. बाकी कुणाची कधी, ते म्हाताऱ्यांना पाठ. हिलालला त्याचं काय पडलंय, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. मी घरी येऊन वहीत लिहिलं. मी वही ठेवली होती. तारीख, वेळ, हिलाल कुठे होता.

तिसऱ्या वेळेनंतर मी निझवाच्या बाजारात जाऊन नवं कुलूप आणलं. त्याच्या दोन चाव्या होत्या. एक खिशात टाकली, एक घरी खुंटीला लावली. हिलालला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्याचा फोन.

“अरे, दार उघडत नाहीये. चावी जातच नाही.”

“कुलूप अडकलंय बहुतेक. वाळू गेली असेल.”

मागे वारा ऐकू येत होता, तो उन्हात उभा होता.

“नबहान, तू कुठे आहेस?”

“निझवाला. खत आणायला.” हे खरं होतं.

“लगेच ये. मी सांगतो म्हणून ये.”

“तासाभरात येतो. तू जा घरी.”

मी मुद्दाम तासभर लावला. खतवाल्याकडे बसून कॉफी प्यालो. परत आलो तेव्हा हिलाल नव्हता. कुलूप जागच्या जागी, आत मोटर बंद, आणि सहा रांगा झोपलेल्या. झोपलेल्या म्हणजे मेलेल्या. मी हात लावला तर पानं ओल्या कागदासारखी बोटांना चिकटली.

हिलालकडे चावी नव्हती. माझी माझ्या खिशात. हिशेब साधा होता, पण दुसरी चावी कुठे आहे हे मला मनातसुद्धा म्हणवेना.

त्यानंतर रोज मी गाडी मशिदीमागे लावायचो आणि पॉलीहाऊसच्या टोकाला, थंडाव्याच्या ओल्या जाळीजवळ, खताच्या पोत्यांमागे बसायचो. हिलालला म्हटलं, तुझी सुट्टी. तो ‘बरं’ म्हणाला. फक्त ‘बरं’.

चौथ्या दिवशी कुलूप वाजलं.

बाबा आले. दारात वहाणा काढल्या, मशिदीत काढतात तशा. बिस्मिल्ला म्हणाले. पन्हळींच्या मधून हळूहळू चालत आले, एका गड्ड्याच्या पानावर बोट फिरवलं, जरा कौतुकानेच. मग भिंतीजवळ जाऊन बटण खाली केलं.

“बाबा!”

ते दचकले नाहीत. पोत्यांमागून मी उठलो तसं माझ्याकडे बघून म्हणाले, “चोरासारखा का बसलायस?”

“मी चोर? तुम्ही मोटर बंद करताय!”

“मशिदीची बारी सुरू झाली. सावली दगडावर आली, बघून आलो.”

बाबा एकतीस वर्षं गावाचे पाटकरी होते. दिवसा काठीची सावली बघून आणि रात्री तारे बघून पाणी कुणाचं ते सांगायचे. आता सगळे घड्याळ बघतात. बाबा अजून सावलीच बघतात.

“बाबा, हे फलजचं पाणी नाही. हे टाकीतलं आहे. आपल्या बारीत भरलेलं.”

“एक तासाचं पाणी?”

“हो.”

“आणि ते आठ दिवस वाहतं. दिवसरात्र.” ते पन्हळीकडे बघत होते. “मी म्हातारा झालो, वेडा नाही झालो. पाटाखालून कुठे पाइप टाकलायस ते मला सापडलं नाही. मी शोधला. बैठकीत मी गेलो की लोकांचं बोलणं थांबतं, ठाऊक आहे तुला? बाकीच्यांची मी माफी मागून घेईन, पाया पडेन. पण मशिदीची कुणाकडे मागू? आणि त्या शम्साच्या अनाथ पोरांची? म्हणून त्या दोन बाऱ्यांना येतो. तेवढं तरी तुझ्या मानेवर नको.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. मग एकाची दोन पापं.”

माझा बाप मला पाणीचोर समजत होता, पाच आठवडे, आणि रोज सकाळी माझ्याबरोबर एका ताटात जेवत होता.

मी मोटर चालू केली. त्यांचा हात धरून पन्हळीच्या खालच्या टोकाला नेला, जिथून पाणी परत टाकीत पडतं. त्यांनी हात काढला नाही, पण चेहराही बदलला नाही.

“पाणी परत येत नाही,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं बघितलंय. पाणी जातं.”

मग त्यांनी एक खडा उचलला, टाकीत पाणी जिथे होतं तिथे रेघ मारली, उलटी बादली घेतली आणि बसले. दुपारची नमाज तिथेच पढले. मी आईकडून भात आणला, तो तिथेच खाल्ला. ऊन उतरल्यावर वाकून बघितलं. पाणी रेघेखाली दोन बोटं होतं.

“हे दोन बोटं?”

“झाडं प्यायली.”

“बस? एवढंच पितात?”

“एवढंच.”

ते परत वाकले. बोटं लावून मोजली, परत मोजली. मग बादलीवर बसले आणि हसायलाच लागले, खांदे हलवत, आवाज न करता. मी त्यांना असं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

“उद्या बैठकीतल्या सगळ्यांना आणतो,” ते म्हणाले. “मला बघून सगळ्यात आधी गप्प होतो, त्या सालेमला तर मानेला धरून आणतो.”

उठताना मी सहज विचारलं, “बाबा, किती वेळा बंद केलीत?”

“आजची धरून नऊ.”

“नऊ?”

“एक बारी चुकवली नाही.”

माझ्या वहीत चार होत्या, आजची धरून पाच. बाबा मोजण्यात चुकत नाहीत. बाकीच्या चार वेळा मी आलो तेव्हा मोटर चालू होती. म्हणजे बाबा गेल्यावर कुणीतरी येऊन ती चालू करत होतं. भर दुपारी, झोप येत नाही म्हणून.

हॉटेलला चारशेपैकी दोनशे चाळीस गेले. मीच घेऊन गेलो. आचाऱ्याने एक गड्डा फोडून पान चावलं आणि म्हणाला, पुढच्या वेळी एवढेच आण, पण दर गुरुवारी. उतरताना मी गाडी थेट हिलालच्या घराकडे वळवली.

त्याने अंगणात चटई टाकली, खजूर ठेवले, कॉफी ओतली. आमच्यात बस झाली की पेला हलवायचा असतो. मी हलवत नव्हतो आणि तो ओतत होता. चौथ्या पेल्याला त्याने किटली खाली ठेवली.

“रात्रभर जागायचंय का तुला?”

“तुला माहीत होतं.”

“दुसऱ्या वेळेपासून. गाडीतून बघितलं त्यांना वहाणा हातात घेऊन जाताना.”

“मला सांगायचं ना, हिलाल!”

“काय सांगू? तुझा बाप तुला चोर समजतो? कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तुझा आवाज मला माहीत आहे. तू चौकात उभं राहून ओरडला असतास त्यांच्यावर.” त्याने खजुराची बी थुंकली. “मला वाटलं, बारी कळली की मागोमाग जायचं, चालू करायची. जमतही होतं. दोनदा उशीर झाला. पण त्या दिवशी…”

कुलुपाचं नाव त्याने काढलं नाही.

“मी तुझ्यावर संशय घेतला,” मी म्हणालो. “वही लिहीत होतो.”

“वाळू गेली म्हणे. तुला खोटं बोलता येत नाही रे. आवाज पातळ होतो तुझा.”

“नवी चावी आणलीये.”

“ठेव.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “बर्क्याच्या माणसाला टपरीवर मी नाही म्हणालो होतो. त्या दिवशी उन्हातून घरी आलो आणि फोन करून हो म्हणालो. रविवारी जातोय.”

मी खूप बोललो. सगळं इथे लिहीत नाही. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मला कळत होतं की तो ठरवून बसलाय.

“बाबा रोज विचारतात तुझ्याबद्दल,” मी शेवटी म्हणालो. “लोकांना घेऊन येतात, रेघ दाखवतात. काल सालेमला अर्धा तास पाणी कसं परत येतं ते समजावलं. म्हणाले, हिलालने बसवलंय सगळं.”

तो पहिल्यांदा हसला.

“त्यांना सांग, मी पगारासाठी गेलो.”

“का?”

“त्यांना कळलं की हे त्यांच्या बटणामुळे झालं, तर ते परत तिथे पाऊल टाकणार नाहीत. आता कुठे टाकलंय.”

“गाव तुला लोभी म्हणेल. अर्ध्यावर सोडून पळाला म्हणेल.”

“म्हणू दे. मी बर्क्यात असणार, इथलं मला काय ऐकू येतंय? म्हणून दाखव.”

“काय?”

“जे सांगणार आहेस ते.”

“हिलाल पगारासाठी गेला.”

“असं? असं तर कुणी कुत्रंसुद्धा मानणार नाही. चिडून म्हण.”

“हिलाल पैशासाठी गेला. मला टाकून गेला.”

“अजून जोरात.”

मी जोरात म्हणालो. आतून त्याच्या आईने दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. हिलालने माझा पेला उचलला, माझ्याऐवजी त्यानेच तो हलवून पालथा ठेवला.

“हां. आता पटेल,” तो म्हणाला. “शब्द दे.”

“दिला,” मी म्हणालो. “असंच सांगेन. सगळ्यांना.”