दुरुस्तीला गेलेलं भाषण

आमदारसाहेब तीनदा निवडून आले, तेही तीन वेगवेगळ्या पक्षांतून. शाळेची जागा लाटल्याचा आरोप झाला, भाच्याला कंत्राटं दिल्याची बोंब झाली. साहेब प्रत्येक वेळी नामानिराळे. मी सभागृहात लघुलेखिका. कोण काय बोललं ते रेघांच्या लिपीत टिपायचं, टाइप करायचं आणि भाषेच्या दुरुस्तीसाठी ज्याचं त्याला पाठवायचं. चुकला शब्द सुधारा, पण बोललेलं बदलायचं नाही, असा नियम.

मार्चमध्ये साहेब छाती फुगवून बोलले होते, "इंजिनिअर तपासणीचं तुणतुणं वाजवत बसला होता. म्हटलं, खड्ड्यात गेली तुझी तपासणी! उद्या पूल सुरू झाला पाहिजे. झाला!" बाकं वाजली.

जूनमध्ये पूल पडला. दोन माणसं गेली. निलंबित झाला तो इंजिनिअर, म्हणजे माझा सख्खा दादा. तपासणीशिवाय पूल उघडला म्हणे!

तीन महिने दाबून ठेवलेलं ते भाषण साहेबांनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. तेवढीच वाक्यं खोडलेली. ध्वनिमुद्रण नेमकं त्या दिवशी बिघडलेलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

मी माझी वही चौकशी समितीपुढे नेऊन आपटली.

"तुम्ही त्यांच्या बहीण. तुमचं वाचन चालणार नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी आमच्या मुख्य लघुलेखकांना बोलावलं. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, कारण ही लिपी आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवली.

मास्तरांनी चष्मा पुसला, पान पाहिलं. दादा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"अक्षर लागत नाही," मास्तर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद साहेबांच्या शिफारशीवाचून अडला होता, हे मला ठाऊक होतं. पण म्हणून इतकं?

"मास्तर, लाज नाही वाटत? तुमचंच वळण आहे हे!"

मी वही ओढून घेतली आणि खणखणीत आवाजात वाचलं, खड्ड्यासकट. अध्यक्षांनी टिपणाऱ्या मुलीला खुणावलं, "हे घेऊ नका."

तिने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"लिहू नका, पण ऐका तरी!" मी ओरडले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.