निवलास का रे?

मी एक जुना टर्बो आहे. गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक फळी आहे, तिच्यावर गंजलेल्या जॅकच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, ही तर लोखंडाची गोगलगाय! म्हणा बापडे. पण एके काळी मी एका लाल स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली होतो, आणि माझ्या वेगापुढे छताचा पंखा नुसता डुलक्या काढत असल्यासारखा वाटायचा. आता मात्र मी फिरत नाही, तसूभरही नाही. एवढं नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी रचना सोपी आहे. एक दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका चाकाला फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा मिळाली की इंजिन जास्त पेट्रोल जाळतं आणि गाडी सुसाट सुटते. म्हणजे माझ्या एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला वारा, आणि मध्ये दांड्याभोवती तेलाचा पातळ थर. त्या तेलावरच माझा जीव.

मला या गाडीत बसवलं ते मिस्त्रींच्या थोरल्या मुलानं. गॅरेज मिस्त्रींचं, गाडी थोरल्याची, आणि दोघांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला त्याची धाकटी बहीण. गाडी मुळात माझ्यासाठी बनलेलीच नव्हती. मला बसवताना बापलेकांच्या नाकी नऊ आले. पहिल्याच दिवशी माझ्या धगीनं बॉनेटच्या रंगाला फोड आले. मी दिलेली हवा इतकी गरम, की इंजिन आतून ठकठक करू लागलं. मग हवा थंड करायला पुढे जाळी बसवली, बॉनेटला झरोके पाडले, ब्रेक बदलले. तरी माझी एक खोड राहिलीच. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की मी आधी ढिम्म, आणि मग एकदम सगळा जोर. वळणात असं झालं की गाडीचं शेपूट पुढे यायला बघायचं.

"अरे, हा टर्बो आहे की रुसलेला जावई?" मिस्त्री कुरकुरायचे.

"बाबा, त्याला आधी कळवावं लागतं," थोरला हसायचा. तो वळण संपण्याआधीच हलकासा पाय द्यायचा आणि मी जागा व्हायचो. इतकं मला कुणी ओळखलं नव्हतं.

साध्या रस्त्यावर माझ्यासारख्याचं निभावतं. शर्यतीच्या ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या, क्षणाची उसंत नाही. मी लालबुंद होऊन परतायचो. अशा वेळी इंजिन लगेच बंद केलं तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेलं तेल जळून काजळी होते. म्हणून थोरला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायच्या जागी, आला की इंजिन हळू चालू ठेवून आत बसून राहायचा. मिस्त्री खिडकीला टेकायचे. बापलेक गप्पा मारायचे, कुठलं वळण चुकलं, जेवायला काय आहे, असलंच काहीतरी. शेवटी थोरला डॅशबोर्डवर हात ठेवून मला विचारायचा, "निवलास का रे?" आणि मगच चावी फिरवायचा.

त्याची आणखी एक सवय होती. शिट्टीची. पहिला सूर वर चढायचा, दुसरा हळूच खाली यायचा. धाकटी लहानपणी गल्लीत खेळत बसली की तो गॅरेजच्या दारातून तशी शिट्टी घालायचा. तिचा अर्थ एवढाच, की पुरे झालं, घरी चल.

मग एक दिवस थोरला अपघातात गेला. ट्रॅकवर नव्हे. दुसऱ्याच कुणाच्या गाडीत मागे बसून, साध्या रस्त्यानं घरी येत होता. वेग म्हणाल तर नावालाच. मिस्त्रींनी लाल गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडलं.

धाकटीनं ती ताडपत्री काढली. मिस्त्री आधी नाही नाही म्हणाले, पण पोरगी हट्टाला पेटली होती. "दादाची गाडी गंजू द्यायची नाही मला," एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी त्यांनीच तेल बदललं आणि तिला ट्रॅकवर नेलं. हात तिचा भावासारखाच होता. मी खूश झालो.

पण मित्रांनो, एक गोष्ट चुकली. धाकटी फेऱ्या मारून पिटमध्ये आली की मिस्त्री धावत यायचे आणि खिडकीतून हात घालून चावी बंद करायचे. ताबडतोब! त्यांना काय माहीत नव्हतं? जन्म गेला होता त्यांचा यात. पण ते हळू चाललेलं इंजिन त्यांना ऐकवत नव्हतं. त्या आवाजात थोरल्याशी मारलेल्या गप्पा होत्या. आणि मी लालबुंद, तहानलेला, आतल्या आत जळत राहायचो. बाबांचं दुःख कळत असल्यानं धाकटी चावी पुन्हा फिरवायची नाही.

काजळी साठली. दांडा डगमगू लागला. आणि एका दुपारी, पूर्ण जोरात असताना, माझ्यातून शिट्टी निघाली. पहिला सूर वर, दुसरा हळूच खाली.

धाकटीनं गाडी तडक पिटकडे वळवली. पिटमध्ये मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला.

"बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"खोलायचा का टर्बो?"

मिस्त्रींनी पाना खिशात टाकला. "राहू दे. चालेल अजून."

चालणार नव्हतं. टर्बो असा शिट्टी घालू लागला की त्याची घटका भरत आली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण दुरुस्त केला की शिट्टी बंद. बापाचं मन धजावेना. आणि शिट्टी यायची ती फक्त ट्रॅकच्या लांब सरळ रस्त्यावर, पाय पूर्ण दाबलेला असतानाच. त्या रस्त्याच्या टोकाला वळण, वळणापलीकडे भिंत. शिट्टी जरा जास्त ऐकू यावी म्हणून पोरगी दर फेरीला ब्रेक उशिरा दाबू लागली. माझा जीव टांगणीला लागला. ओरडून सांगावं तर माझ्याकडे आवाज एकच, आणि त्याच आवाजासाठी ती भिंतीकडे धावत होती.

धाकटीनं एका शर्यतीत नाव दिलं होतं; तिच्या आदल्या दिवशी दुपारी ती सरावात सरळ रस्त्यावर आली. पाय पूर्ण खाली. शिट्टी निघाली. ब्रेकची जागा जवळ आली, तरी ती ब्रेक दाबेना. आणि तिथेच मी जाम झालो. दांडा अडकला, चाकं थांबली. माझी शिट्टी तिथेच तुटली.

मग शिट्टी ऐकू आली.

मी सांगतो तुम्हाला, ती माझी नव्हती. मी थांबलो होतो. ती बॉनेटखालून आलीच नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवरून आली, तिच्या कानाच्या उंचीवरून. पोरीनं दचकून पाय उचलला आणि ब्रेकवर उभी राहिली. माझं तेल गळून धूर झाला होता, टायर घसरत होते. भिंत अगदी अंगावर येऊन बाजूनं निघून गेली. गाडी वाळूत थांबली. तिनं इंजिन बंद केलं.

दोर बांधून गाडी पिटकडे ओढत आणली. इंजिन बंद. मी जाम. मिस्त्री समोरून पळत आले आणि मधेच खिळल्यासारखे थांबले. तीच शिट्टी पुन्हा आली होती, आणि या वेळी त्यांनाही ऐकू आली.

गॅरेजमध्ये मला खोलल्यावर त्यांनी बोटानं माझं चाक फिरवून पाहिलं. हलेना.

"हा फिरतच नाहीये. कधी अडकला?"

"सरळ रस्त्यावर. जोर एकदम गेला," धाकटी म्हणाली. "शिट्टी त्यानंतर आली."

"त्यानंतर?"

"माझ्या कानाशी, बाबा. दादानं घरी बोलावलं."

मिस्त्रींनी मला दोन्ही हातांत धरलं. काजळीनं त्यांचे तळवे काळे झाले. "मला माहीत होतं गं," ते म्हणाले. "चावी बंद करताना, शिट्टी ऐकताना, प्रत्येक वेळी माहीत होतं. तुला पण घालवून बसलो असतो मी." मग हमसून रडले. रडता रडता विचारलं, "निवलास का रे?" ते मला विचारत होते की आणखी कुणाला, हे मला आजही सांगता येणार नाही.

शर्यत हुकली ती हुकलीच. गाडीला नवा टर्बो बसला. गुणी आहे, शिट्टी घालत नाही. पुढचं मला फळीवर त्यांच्या बोलण्यातून कळलं. पहिल्या सरावानंतर धाकटी पिटमध्ये आली, तेव्हा मिस्त्रींचा हात सवयीनं खिडकीत गेला आणि चावीपाशी थांबला. हात मागे घेऊन ते पलीकडच्या बाजूला गेले. दार उघडून बसायला वाकले, तर सीट कुणी नुकतंच उठल्यासारखी उबदार लागली. क्षणभर घुटमळले, मग बसले. इंजिन हळू चालू राहिलं. "त्या दुसऱ्या वळणात जरा घाई झाली तुझी," मिस्त्री म्हणाले.

तर मित्रांनो, जळत धावून आलेल्याला लगेच बंद करू नका, मग ते यंत्र असो की माणूस. शेजारी बसा, दोन शब्द बोला, निवलास का म्हणून विचारा. मला हे वेळेवर मिळालं असतं तर मी आज फळीवर नसतो.

आणि हो, गॅरेजमध्ये गाडी निवत असली की कधी कधी माझ्या फळीच्या बाजूनं शिट्टी येते. दोघं बोलायचे थांबतात आणि इकडे बघतात. माझ्याकडे नका बघू, मी कोरडा आहे, जाम आहे. तुम्हाला कधी अशी शिट्टी ऐकू आली तर आधी पाय उचला आणि घरी या. कुणी घातली ते मागाहून बघा.