सुपातला खडा

“गुलफशा, तांदूळ निवडतीस का खडं पेरतीस गं?” जाहिदाबी सुनेवर रोज अशी करवादायची, आणि माझ्या काड्या शहारायच्या.

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. वेल्ह्याच्या ठकुबाईनं मला विणलं, जाहिदाबीनं भोरला आणलं. गल्लीत लग्न निघालं की तांदूळ आमच्याच ओट्यावर यायचा. “जाहिदाबीच्या सुपातनं गेला, आता खडा न्हाई,” लोक म्हणायचे. मीही फुगायचं.

शहाण्णव साली तिचे सांधे धरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, “या गोळ्या डोळ्यांवर जातात. दरवर्षी डोळे तपासा.” बोटं मोकळी झाली, डोळे तपासायचे राहिले. गुलफशा दरवर्षी डॉक्टरांची तपासणीची चिठ्ठी काढायची, “अम्मा, पुण्याला जाऊ या.”

“सांध्याच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध? हा बघ कणीएवढा खडा. दिसला का तुला? मला दिसला!”

खडा सापडतो तोवर नजर शाबूत, हाच तिचा हिशेब.

पुढं ती कोंबडीसारखी मान वाकडी करून बघू लागली. कडेचे खडे निघायचे, नजरेसमोरचे राहायचे. मला कळत होतं, पण सुपाला तोंड कुठलं? बोल सुनेलाच.

दोन हजार सात साली नातीचं, निलोफरचं लग्न ठरलं. “माझ्या नातीचा तांदूळ म्याच निवडणार,” म्हणून जाहिदाबीनं सुनेला मला हातही लावू दिला नाही. पंगतीत व्याह्यांचा दात मोडला. “बेगम, तांदूळ शिजवलाय का धरणावरची खडी?” अख्खा मांडव हसला. जाहिदाबी हसली नाही.

लग्न उरकल्यावर ती सुनेबरोबर पुण्याला गेली. तिथं एका यंत्रानं तिच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर त्यात वेगळे दिसत होते, आणि मधल्या नजरेभोवती ते झिजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, “गोळी बंद करतो. गेलेली नजर येणार नाही, राहिलेलीही अजून थोडी जाईल. वेळेवर आला असता, तर तुम्हाला जाणवायच्या आधी यंत्रानं दाखवलं असतं.”

मित्रांनो, माझी काडी तुटली तर दुसरी घालता येते. डोळ्याचा पडदा पुन्हा कुणी विणत नाही. गोळी मनानं बंद करू नका, पण तपासणी चुकवू नका.

आता मी खुंटीवर असतं, कोपरा उंदरांनी खाल्लेला. परवा जाहिदाबीनं भिंत चाचपत मला काढलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

“अकरा वर्सं तू चिठ्ठी दावलीस. खडं म्याच पेरलं, पोरी. तू न्हाई.”