वाकडी पाकळी

मित्रांनो, मी तळहातात मावणारे एक जुने पिस्तूल आहे. माझा राग आज तुम्हाला ऐकावा लागेल.

बंदुका घडवणाऱ्या गार्दोनेच्या खोऱ्यात मी घडले. तिथे कोणी नळी घासतो, कोणी चाप बसवतो. माझ्या पोलादावर फुले कोरली ती फाउस्तीनोने, खिडकीपाशी बसून. एका दुपारी त्याची सात वर्षांची पाल्मिरा धावत आली आणि त्याच्या कोपरावर आदळली. कोरणी घसरली, एक पाकळी वाकडी होऊन वेलीबाहेर गेली. बाप रागावला नाही. ही पाकळी तुझी, म्हणाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. मी त्याचे शेवटचे काम.

पुढे मी एका औषधवाल्याच्या कोटाच्या खिशात राहिले, मग त्याच्या नातवाबरोबर नेमबाजीच्या मैदानावर. माझी गोळी लहान म्हणून लोक हसत. पत्र्याचा डबा उडाला की गप्प होत. शेवटी मला ओत्तोरीनोने घेतले. जुनी पिस्तुले जमवणारा माणूस, रोज हळुवार तेल लावणारा. माझी निळी झळाळी झिजली होती, पण पाकळी जाग्यावर होती.

शरद ऋतूत, सळईला लावलेले मांस शेकोटीवर फिरत असते तेव्हा, अशा छांदिष्टांचा मेळावा भरतो. माझ्या क्रमांकावरून ओत्तोरीनोने फाउस्तीनोचे नाव शोधून त्याच्या मुलीला कळवले होते. पाल्मिरा मला बघायला येणार असल्याचा निरोप आला आणि ओत्तोरीनो बिथरला. बापाचे काम तिला असे कळकट कसे दाखवायचे? त्याने मला झिलईवाल्याकडे न्यायचे ठरवले. त्याचा मित्र बातिस्ता म्हणाला, "अरे, तो मळाबरोबर कातडीही सोलेल."

"तू दाढी करत नाहीस, म्हणून पिस्तुलानेही करायची नाही होय?" ओत्तोरीनो त्याच्या दाढीकडे बघत म्हणाला.

झिलईवाल्याच्या फिरत्या चाकावर माझी फुले घासली गेली. वर चकाकता मुलामा आला. मुठीच्या अक्रोडी पट्ट्या काढून पांढऱ्या बसवल्या. जुन्या पट्ट्या ओत्तोरीनोच्या स्क्रूंच्या डब्यात पडल्या.

ब्याऐंशी वर्षांची पाल्मिरा मेळाव्याला आली. तिने डोळे मिटले आणि माझ्या डाव्या कुशीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. सगळे सपाट.

"सुंदर आहे, ओत्तोरीनो. पण हे माझ्या बाबांचं नाही."

त्याने घाईघाईने माझा क्रमांक दाखवला, हेच ते, शपथेवर सांगितले.

"आकडे तुम्ही वाचा. मला पाकळी हवी होती."

तिने ताटातल्या पोलेंटाचे, मक्याच्या घट्ट लापशीचे, दोन घास खाल्ले आणि दुपारच्या बसने परत गेली. ओत्तोरीनो मला रुमालात गुंडाळून बसून राहिला. त्याला वाईट वाटले. वाटू दे. चाकाला विचारण्याआधी त्याने तिला विचारायचे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा ओरखडा पुसण्याआधी तो कोणाचा आहे, हे विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी ओत्तोरीनोकडे गेलात, तर तो स्क्रूंचा डबा उपडा करा. अक्रोडाच्या डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला फाउस्तीनोने कोरणीने लिहिले आहे: पाल्मिरा, वय सात, जोरात धडकली. ती पट्टी आजवर कोणी उलटून पाहिलेली नाही. लवकर करा, पाल्मिराला आता बसची पायरी चढायला दोघांचा हात लागतो.